काळीज न थांबवता

ती केस अजून डोक्यातून जात न्हाई. मी सातवी कशीबशी काढलेला मानूस. शिपाई म्हनून लागलो, सहायक फौजदार हुऊन रिटायर झालो. हिशोबात कच्चा, आन् नेमका हिशोबच माझ्या गळ्यात पडला.

मिरजगावाकडनं एक बाबा अर्ज घिऊन आमच्या ठान्यात आले. नगरच्या एका दवाखान्यात त्यांच्या मंडळींचं बायपास झालं, तिसऱ्या दिवशी ती वारली. तिथं ऑपरेशन करनारे डॉक्टर दोन. एक काळीज थांबवून, रक्त मशीनीवर फिरवून करायचा. दुसरा काळीज धडधडत असतानाच. बाबांनी दुसऱ्याला सही दिल्ती.

"तिचं काळीज थांबवू नका म्हनलो मी. आता तिथलाच एक जन सांगतो, ह्याच्याच हातानं लई मरत्यात. साहेब, मीच मारली का तिला?"

डॉक्टरवर थेट गुन्हा घेता येत न्हाई, सिव्हिल सर्जनच्या समितीचा अहवाल लागतो. तवर अर्ज चौकशी माझ्याकडं. मी दवाखान्याच्या रेकॉर्ड खोलीत बसलो, मेलेल्यांचे कागद काढले, दोन डॉक्टरांचे दोन ढीग केले. दुसऱ्याचा ढीग उंच. झाला माझा तपास. डॉक्टरला जबाबाला बोलावलं आन् बाकड्यावर बसवून ठिवलं, चहासुद्धा विचारला न्हाई. त्यो एवडंच म्हनला, माझ्याकडं कोन येतं ते बगा. चोर बी असंच बोलत्यात, म्हनलं मी.

कागद परत द्यायला गेलो, तवा रेकॉर्ड खोली सांभाळनाऱ्या बाईंनी मला परत खाली बसवलं. वाचलेल्यांचे कागद बी काढायला लावले. आदी किडनी गेलेले, दोनदा ॲटॅक आलेले एका बाजूला. बरे दिसनारे दुसऱ्या बाजूला. मंग दोन्ही बाजूंत कुन्या डॉक्टरचे किती मेले ते बगा म्हनल्या. जड आजाऱ्याला जड आजारी लावला, हलक्याला हलका, तर दोगा डॉक्टरांत फरकच उरंना. जड आजाराची मानसं बहुतेक सगळी दुसऱ्याकडंच पाठवली जात हुती. बाबांची मंडळी त्यातलीच.

मला माझीच लाज वाटली. ठान्यात बेवारस मयत, माग न लागनाऱ्या चोऱ्या, सगळं माझ्याच नावावर टाकायचे. आन् दर क्राइम मिटिंगला साहेब सगळ्यांम्होरं म्हनायचे, ह्याचा तपास सगळ्यात रद्दी. वीस वर्सं मनातल्या मनात जळलो, आन् डॉक्टरला बाकड्यावर मीच बसवला. माफी मागाय गेलो, तर त्यानं मला चहा पाजला.

समितीलाबी दोष दिसला न्हाई. बाबांना बोलावून समदं सांगितलं. तुमच्या सहीनं काय झालं न्हाई, तुमची मंडळी तसंबी ह्याच डॉक्टरकडं गेली असती.

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. मंग म्हनले, "थांबवून केलं असतं तर माझी वाचली असती का?"

मी एवडे कागद चाळले हुते. शेकडो मानसांचं काय झालं ते त्यात हुतं. तिचं एकटीचं काय झालं असतं ते कुटंच नव्हतं.

"न्हाई सांगता येत, बाबा," म्हनलो.

त्यांनी अर्ज मागं घेतल्याची सही केली आन् एसटी गाठायला निगाले. त्यांना स्टँडवर सोडाय मी गेल्तो. आरोपी सापडला न्हाई म्हनून मानूस एवडा खचलेला मी नोकरीत दुसरा पाह्यला न्हाई.