एकोणीस मुलं, अकरा कारभारी

आमच्या मराठी वर्गात एकोणीस मुलं होती आणि त्यांचा कारभार पाहायला आम्ही अकरा जण होतो. शिकवायला मात्र एकच बाई. एवढी माणसं कारभाराला कशाला लागतात, हे मला विचारू नका, कारण कमिटीचा सेक्रेटरी मीच होतो आणि त्या काळात मला बारावाही माणूस कमीच वाटत होता.

वर्ग दर शनिवारी सकाळी इथे आखातात, सलमाबादच्या वर्कशॉपांच्या वस्तीत भरायचा. आमचे अध्यक्ष संगमेश्वरकडचे. त्यांचा एसी डक्टिंगचा, म्हणजे गार हवेच्या पत्र्याच्या नळांचा, धंदा आहे, आणि वर्कशॉपच्या माडीवरची कामगारांच्या ट्रेनिंगची खोली त्यांनी वर्गाला फुकट दिली होती. भिंतीवरच्या सेफ्टीच्या पोस्टरवर हेल्मेट घातलेला एक माणूस बोट उगारून उभा आणि त्याच्या बोटाखाली मुलं बाराखडी म्हणत. बाकीचा खर्च दिवाळी मेळ्यातल्या आमच्या वडापावच्या स्टॉलवर चाले. वह्या, खडू, बुसैतीनहून येणाऱ्या बाईंचं टॅक्सीभाडं आणि त्यांना देताना आम्हालाच लाज वाटावी असं मानधन, सगळं त्या वड्यांतून निघायचं. मुलांनी काय शिकावं यावर आमची एक मीटिंग झाली असेल. चटणी ओली की सुकी, यावर तीन झाल्या.

मीटिंगची रीत ठरलेली होती. कोणी काम अंगावर घेतलं की शेवटी 'इंशाल्ला' म्हणायचा, आणि मग ते काम होणार नाही हे सगळ्यांना कळायचं. मिनिट्स मी इंग्रजीत लिहायचो. मराठी वर्गाच्या कमिटीची मिनिट्स इंग्रजीत का, असं एकदा बाईंनी विचारलं होतं. माझ्या लॅपटॉपवर मराठी उमटत नाही, असं मी ऐटीत सांगितलं. बाई नुसत्या "हो का" म्हणाल्या.

बाई कमिटीत नव्हत्या. त्यांना 'निमंत्रित' असं भारदस्त नाव होतं. वर्गाच्या प्रगतीचा विषय निघाला की, त्यांना संकोच नको म्हणून, आम्ही त्यांना बाहेर बसायला सांगायचो. जिन्यापाशी एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर त्या मांडीवर पर्स घेऊन बसत. आमची चर्चा रंगली की त्यांना परत आत बोलवायचं राहून जायचं. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा त्या टॅक्सी करून घरी गेल्या. त्याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात हे तेव्हा आम्हाला सुचलं नाही, आणि उंट तर इथे काही कमी नाहीत.

मला त्या वर्गाची गरज इतरांपेक्षा जास्त होती, हे आता कबूल करतो. माझी आई कराडजवळच्या गावात एकटी राहते. माझी मुलगी दहा वर्षांची, जन्मापासून इथलीच. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. शनिवारी दुपारी आम्ही फोन लावायचो. आई विचारायची, "जेवलीस का गं?" मुलगी म्हणायची, "येस आजी." पुढचं सगळं मी बोलायचो, हिचं तिला आणि तिचं हिला. फोन ठेवताना आई दर वेळी म्हणायची, "पोरीला यायला लागलं का रं?" मी म्हणायचो, "क्लास चालू आहे ना." तो क्लास बंद पडला तर आईला सांगायला माझ्यापाशी काहीच उरणार नव्हतं.

आणि तो बंद पडायची वेळ आली. अध्यक्षांना मोठं काम मिळालं आणि सामान ठेवायला जागा पुरेना. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "हे बघा, रूम माझी हाय, मी नाय म्हणत नाय. पण तीन वर्षं झाली. पोरं काय शिकली ते दाखवा. शिकली असतील तर रूम तुमची. नायतर डक्ट ठेवतो. खलास."

बाईंना बाहेर बसवून आम्ही दोन तास विचार केला आणि परीक्षा घ्यायचं ठरवलं. पेपर बाईंनी काढावा, असं एकाने सुचवलं. पण शिकवणाऱ्यानेच पेपर काढला तर निकालावर विश्वास कोण ठेवणार? निःपक्षपणा हवा. म्हणून ठरलं असं, की कमिटीच्या प्रत्येक सभासदाने एकेक प्रश्न काढायचा आणि बंद पाकिटात सेक्रेटरीकडे द्यायचा. अकरा सभासद, अकरा प्रश्न, प्रत्येकी दहा गुण. कोणाला दुसऱ्याचा प्रश्न कळणार नाही. या योजनेचं मला इतकं कौतुक वाटलं की मिनिट्समध्ये मी ती ठळक टायपात घेतली.

अकराही जणांची मुलं त्या वर्गात होती, ही गोष्ट कोणी बोललं नाही.

माझा प्रश्न होता, 'आजीला पत्र लिहा.' पाकिटं माझ्याकडेच होती, पण मी एकही उघडलं नाही. इतका मी प्रामाणिक. माझ्या स्वतःच्या प्रश्नाचं म्हणाल, तर बापाने मुलीला पत्रलेखन शिकवू नये असा काही नियम नव्हता. जुफैरच्या आमच्या नवव्या मजल्यावर मी आठवडाभर तिच्याकडून पत्र घोकून घेतलं. 'तीर्थरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार' इथपासून 'कळावे, लोभ असावा' इथपर्यंत. ती खाली मान घालून म्हणायची. शिरसाष्टांग म्हणजे काय, असं तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, परीक्षेनंतर सांगतो.

परीक्षा झाली. बाईंनी पेपर तपासले आणि पुढच्या शनिवारी मीटिंगमध्ये गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. मग आम्ही सांगायच्या आतच त्या बाहेर जाऊन खुर्चीवर बसल्या.

अध्यक्षांनी गठ्ठा सोडला. पहिलाच पेपर कमिटीतल्या ठाण्याच्या एका वहिनींच्या मुलाचा निघाला. दहा प्रश्न जवळजवळ कोरे, आणि पुरणपोळीची कृती मात्र दीड पानभर, अगदी 'पुरण सैल झाले तर घाबरू नये' या सूचनेसकट. पुण्याच्या चार्टर्ड अकाउंटंटच्या मुलीने बारा म्हणी अर्थासह बिनचूक लिहिल्या होत्या आणि बाकी ठिकाणी फुलं काढली होती. अध्यक्षांचा मुलगा नऊ वर्षांचा. त्याने गावच्या शिमग्याचं वर्णन केलं होतं आणि सुरुवात होती, 'आमच्या लहानपणी पालखीला जी मजा होती ती आता राहिली नाही.'

एकेक पेपर फिरत गेला. प्रत्येकाच्या पोराला एकच प्रश्न आला होता आणि तो कोणी काढला होता हे न सांगता कळत होतं. दुसऱ्याचा पेपर हातात आला की माणूस हसायचा, आणि आपला आला की चष्मा पुसायचा. सगळे एकाच माळेचे मणी. मी माझ्या मुलीचा पेपर पाहिला. तीन प्रश्न अर्धेमुर्धे सोडवलेले, आणि पत्राच्या जागी 'तीर्थरूप' नाही, 'शिरसाष्टांग' नाही, भलत्याच वेड्यावाकड्या ओळी. मला राग आला. आठवडाभर घसा कोरडा केला आणि कार्टीने एक ओळ लक्षात ठेवली नाही! मी तो पेपर न वाचताच पालथा ठेवला.

अध्यक्ष मात्र अजून गठ्ठा उलटत होते. त्यांनी आठ पेपर बाजूला काढले. "यांना पाच-पाच, सात-सात प्रश्न आलेत. एकाला तर नऊ. ही कोणाची पोरं?"

"कमिटीबाहेरची," मी म्हणालो. कोणाचा बाप ड्रायव्हर, कोणाची आई नर्स. त्यांना शनिवारी पोरांना वर्गात सोडण्यापलीकडे वेळच नव्हता.

अध्यक्षांनी ते आठ पेपर नीट जुळवून आपल्यापुढे ठेवले. मग म्हणाले, "म्हंजे जिथं आपण नाय, तिथं बरं चाललंय."

यावर अनुमोदन कोणी दिलं नाही आणि विरोधही कोणी केला नाही. अध्यक्षांनी स्वतः उठून दार उघडलं आणि बाईंना आत बोलावलं. बाईंना काय निघालं असेल ते ठाऊक होतंच, पेपर त्यांनीच तपासले होते. त्या उभ्यानेच म्हणाल्या, "पुढच्या वेळी पेपर मी काढीन. आणि घरी घोकून घेणं बंद करा. मुलं वर्गात बोलायला लागतात आणि घरून गप्प होऊन येतात. खोलीचं काय ते तुम्ही ठरवा."

"खोलीचं काय ठरवायचं?" अध्यक्ष म्हणाले. "डक्ट जिन्याखाली मावतील. यल्ला, चला, चहा सांगा बाईंना."

मिनिट्समध्ये मी 'रिझल्ट्स एन्करेजिंग' असं लिहिलं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

निघताना बाईंनी मला जिन्यात गाठलं. "सेक्रेटरीसाहेब, मुलीचा पेपर वाचलात का?"

"वाचण्यासारखं काय आहे त्यात?"

"वाचा तरी. पत्राला सहा गुण दिलेत. अशुद्ध आहे म्हणून चार कापले." त्यांनी पेपर माझ्या हातात दिला. खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'हे आजीला पाठवा.'

मी गाडीत बसून वाचलं. तिची ती मोठी मोठी, एकमेकांवर पडणारी अक्षरं.

'आजी, बाबाने लेटर पाठ करून दिला. तो माझा नाही. तो बाबाचा आहे. मला तुझ्याशी बोलायचे आहे पण बाबा मधे बोलतो. तुझी मांजर कशी आहे. तिला पिल्ले झाली का. तू फोनवर हळू बोल. मग मला कळेल.'

एसी चालू करायचं विसरून मी तसाच बसून होतो. तीन वर्षं मी अकरा जणांना घेऊन या मुलीच्या मराठीचा कारभार करत होतो, आणि तिच्या वाटेत उभा होतो तो मीच. मला फार वाईट वाटलं. आणि चार गुण कापल्याबद्दल बाईंचा थोडा रागही आला, तोही सांगून टाकतो.

दुपारी फोन लावला आणि पेपर मुलीपुढे ठेवला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग अडखळत अडखळत वाचून दाखवलं. मग पलीकडून आईचा आवाज आला, एकेक शब्द सुटा करून.

"चार, पिल्लं, झाल्यात. एक काळं हाय."

"काळं म्हणजे..." मुलगी थांबली.

"ब्लॅक," मी म्हणालो.

"तुला कुणी इचारलं रं?" आई म्हणाली. "पोरी, त्याला जरा भाईर बसव बघू."

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि बाल्कनीकडे बोट केलं, थेट त्या हेल्मेटवाल्या माणसासारखं. मी बाहेर गेलो आणि काचेचं दार ओढून घेतलं. एसीच्या युनिटशेजारी स्टूल होतं, त्यावर बसलो. बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन होतं. आतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मुलगी दोन्ही हातांनी पिल्लाचा आकार दाखवत होती, साध्या फोनवर दिसत नाही हे विसरून, आणि हसत होती.

अर्धा तास झाला तरी मला आत बोलवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.