पहिल्या टप्प्यातले मामा

पाण्याला माझ्या बायकोच्या मामांइतकं जपणारा माणूस अख्ख्या लालबागमध्ये सापडायचा नाही. आणि हेच मामा जुन्या चाळीत रोज सकाळी नळ आला की आदल्या दिवशी भरलेलं पिंपभर पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतून द्यायचे. तेव्हा बिल साऱ्या चाळीत सारखं वाटलं जाई. मग चाळीच्या जागी टॉवर झाला, प्रत्येकाच्या दाराबाहेर मीटर बसला, वापर वाढेल तसा दरही चढणार असं सोसायटीने जाहीर केलं, आणि मामांच्या घरचं पाणी शिळं व्हायचं एका दिवसात थांबलं. "टाकीतला पाणी काय आज जन्माक इला?" असं ते उलट मामींनाच विचारू लागले.

सगळ्यांत स्वस्त तो पहिला टप्पा. तो ओलांडायचा नाही, हे त्यांचं व्रत. आंघोळ घमेल्यात उभं राहून, मग त्याच पाण्याने लादी पुसायची. पाहुण्याला पाणी अर्धा पेला, त्यामुळे आम्ही त्यांच्याकडे घरूनच पाणी पिऊन जायचो. सोसायटी दर महिन्याला कमी वापराची यादी लिफ्टजवळ लावते. तिथे पहिलं नाव मामांचं. लिफ्ट येऊन निघून जाई, तरी मामा आपलंच नाव वाचत उभे.

मागच्या वर्षी त्यांची मुलगी बाळंतपणाला नाशिकहून माहेरी आली. दुपटी, लंगोट, दोन वेळा न्हाणं. मामांचं नाव यादीच्या तळाशी गेलं. मला वाटलं, आता हे अंथरूण धरणार. समाचाराला गेलो तर स्वतः बादली भरत होते. "मरो तो टप्पा! नातीक अर्ध्या तांब्यात न्हाणू काय?"

तीन महिन्यांनी लेक नातीला घेऊन सासरी गेली. पुढच्याच यादीत मामा पुन्हा पहिले. मी मुद्दाम अभिनंदनाला वर गेलो. मामा दाराबाहेर मीटरकडे बघत उभे होते. मीटर हलत नव्हता. "दोन म्हाताऱ्यांका पाणी कितीसा लागतला," एवढंच म्हणाले आणि मला आत घेऊन गेले.

मामींनी पाणी आणलं. पेला काठोकाठ भरलेला होता. मी सवयीने घटाघट प्यायला लागलो, तसा मामांनी माझा हात धरला.

"सावकाश पी रे. वायच बस."