वहिनीच्या माहेरचं जांभळं फूल
वाडीत सुक्या मासळीचं खत पडलं की त्या उग्र वासाबरोबर मला नखाएवढं एक जांभळं फूल आठवतं. वहिनी घाटमाथ्यावरची, लग्न होऊन आमच्या दिवेआगरला आली. पहिल्या माहेरपणाहून परतताना तिनं एका डब्यात ओलं शेवाळ घालून त्या फुलाचं रोप आणलं. तिच्या गावच्या देवराईत, कातळाच्या सावलीला ते उगवायचं. तिथंही ते क्वचितच दिसायचं. नवी सून दिवसभर गप्प असते, याचा आईला घोर लागला होता. रोप जगलं तर सूनही रुळेल, असं तिनं मनाशी धरलं असावं. आईनं ते पोफळींच्या गारव्यात लावलं आणि मुळाशी ओंजळभर मासळीचं खत घातलं. आमच्याकडे लाडक्या झाडाला दुसरं काय देणार? आठवडाभरात पानं करपली. वहिनी वाफ्यापाशी बसून राहिली. आई तिच्या शेजारी टेकली. "माझं चुकलं गं. मला वाटलं, आपल्या नारळासारखंच हाय ते." वहिनीनं डोळे पुसले. "नाही आई, ते तिथंच बरं होतं. मीच उगाच आणलं." आईनं करपलेली पानं खुडून टाकली. मग म्हणाली, "ते इथं यायचं न्हाय, तर आपण जाऊ." तेव्हापासून दर पावसाळ्यात दोघी एसटीनं घाट चढायच्या. यंदा आईचे गुडघे धरलेत, म्हणून वहिनी एकटीच गेली. संध्याकाळी तिचा फोन आला, तर आई माझ्या हातातून तो ओढून घेत ओरडली, "दिसलं का गं? कुणी खत न्हाय ना घातलं?"