चाळीस बुशांची माळ

माळ गळ्यात पडली तेव्हा मी हसले.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला कुणी वीरबाई समजायला नको. चाळीस लोखंडी बुश तारेत ओवलेले. अडीच किलो तरी वजन. मालकानं स्वतःच्या हातानं घातली, सगळ्या लेथवाल्यांसमोर. म्हणाला, "नवरा गेल्यापासून गळा मोकळाच आहे की, अक्का. स्वल्प अडजस्ट माडी." म्हणजे कानडीत, थोडं अडजस्ट करा.

सगळे हसले. मीही. दात काढून! काय ध्यान होतं ते. कुणी थोबाडीत मारली असती तर "हाताला लागलं का हो, सर?" असं विचारलं असतं त्या बाईनं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पीण्या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखाना. पंपात बसणारे बुश, म्हणजे बोटभर लांबीच्या पोकळ नळ्या, तिथं बनायच्या. मी तपासणीला. हातात भोकाचं माप तपासायचं गेज. त्याचं एक टोक 'गो', ते भोकात जायला हवं. दुसरं 'नो-गो', ते अडायला हवं. अडलं नाही तर भोक मोठं, माल बाद, त्याला लाल रंग. चांगल्या मालावर माझा पंच, म्हणजे ठोकून उमटवलेला ठसा, सात नंबरचा. आठवी नापास विधवेची तेवढीच काय ती सही.

बाद माल ज्याच्या हातून बाहेर गेला त्यानं तो गळ्यात घालायचा, अशी मालकानं रीत पाडली होती. पुरुषांना पाच मिनिटं, चेष्टेत. मला दिवसभर. चहाच्या गाडीवरही तशीच गेले.

आणि तो माल मी बाद केला होता! मालकच म्हणाला होता, "पार्टी थांबलीय. अडजस्ट माडी." मी पंच मारला. माल परत आला तेव्हा त्यावर माझा सात होता. त्याचं बोलणं कुठंच उमटलेलं नव्हतं.

इंग्रजीतला तेवढा एक शब्द मला पक्का येत होता. यशवंतपूरहून बसमध्ये दोघांच्या बाकावर तिसरी बाई येऊन बसायची, तेव्हा तो शब्द. नवरा गेल्यावर सासरच्यांनी मला नि लेकीला स्वयंपाकघरात झोपायला लावलं, तेव्हाही तोच. मालकाला कुणी कधी अडजस्ट हो म्हटलेलं मी ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी मानेवर तारेचा वळ होता. लेकीच्या शाळेची डिक्शनरी काढून तिला म्हटलं, "अडजस्ट शोध. वाच."

तिनं वाचलं. जुळवणे. नीट बसवणे. माप चुकलं असेल तर बरोबर करणे.

"अजून?"

"बदलत्या परिस्थितीशी जमवून घेणे. बस, एवढंच."

गळा पुढं करणे, असं त्यात कुठंही नव्हतं. मी दोनदा वाचायला लावलं.

माळ मी टाकली नाही. रोज डब्याच्या पिशवीत घालून न्यायची. अडीच किलो, तीन महिने. वाट बघत.

दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी पुन्हा भोकं मोठी आली. मालक म्हणाला, "चार वाजता पार्टीचा साहेब येतोय. पंच मार."

"सरी, सर," म्हटलं, म्हणजे ठीक आहे. आणि एकेक बुश लाल करून ठेवला.

चार वाजता केबिनमध्ये शिरले. साहेबाच्या हातात गेज दिलं, एक लाल बुश दिला. "तुम्हीच घालून बघा."

नो-गो सुळकन आत गेलं.

"बाईला कळत नाही, सर," मालक म्हणाला.

मी पिशवीतून माळ काढली आणि त्याच्या गळ्यात घातली. "कारखान्याची रीत आहे. स्वल्प अडजस्ट माडी, अण्णा." सर म्हणणं त्या क्षणी संपलं.

त्यानं माळ ओरबाडून फेकली. तार सुटली, बुश टेबलाखाली, लेथखाली घरंगळत गेले. मी गुडघ्यांवर बसून वेचले. एक लेथवाला पुटपुटला, "सोडा ना, अक्का." मी मोजत होते. चाळीस भरल्यावरच उठले.

नोकरी गेली. साहेबाचं म्हणाल, तर लाल रंग पुसून तोच माल तो घेऊन गेला, असं नंतर कळलं. नेईना का. त्यावर सात नव्हता.

तेव्हापासून दर आयुधपूजेला एक बुश लाल रंगवते आणि रजिस्टर पोस्टानं मालकाच्या घरी पाठवते. पाठवणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात, पूर्ण. सही त्याला स्वतः करावी लागते.

परवा नात म्हणाली, "आज्जी, म्हातारा झाला गं तो. सोड आता."

मी तिच्या हातात ब्रश दिला आणि पत्ता लिहून घ्यायला लावला. चुकला तिथं पुन्हा लिहायला लावला.

अकरा उरलेत. मी आधी गेले तर बाकीचे ती पाठवेल.