सात नंबरच्या पोर्टचा दिवा

तारीख १७ सप्टेंबर, गेल्या वर्षीची. वेळ सकाळचे अकरा बेचाळीस. रक्कम साडेसतरा हजार रुपये, म्हणजे पाच व्हिजिट, प्रत्येकी साडेतीन हजार. हजर माणसं चार: मी, माझा भागीदार मुकुंद, प्लांटचे मॅनेजर तिवारी जी आणि शिफ्ट ऑपरेटर लखन. हे सगळं आधीच लिहून टाकतो, नाहीतर कोणी म्हणेल की ऐकीव गोष्ट सांगतो आहे. ऐकीव नाही. चौघांनी पाहिलं. त्यातला एक नंतर म्हणाला की त्याने काहीच पाहिलं नाही... त्याचं कारण पुढे कळेलच.

या सदरातले अनुभव माझी बायको मोठ्याने वाचून दाखवते. माझा प्रश्न ठरलेला असायचा — "वेळ लिहिली आहे का? लाइट चालू होती की बंद, ते लिहिलं आहे का? नाही? मग सोड." त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात मी भूत, बाधा, संकेत यातलं काही मानलं नाही. आजही मानतो असं म्हणणार नाही. फक्त एक नोंद आहे, ती कुठल्याच खात्यात बसत नाही.

आम्ही जबलपूरचे, तिसरी पिढी. आजोबा अमरावतीहून आले. वडील खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते आणि मुकुंदचे वडीलही. दोघांचे क्वार्टर शेजारी. माझी बायको मुकुंदला भाऊबीजेला ओवाळते. चौदा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून कारखान्यांचं नेटवर्किंगचं काम सुरू केलं. पहिली खरेदी एक जुना लॅपटॉप, बावीस हजार पाचशेचा, निम्मे निम्मे. साइटवर जायचं मुकुंदने, कागद मी सांभाळायचे. माझी एक जाड वही आहे. आम्ही लावलेल्या प्रत्येक यंत्राची नोंद तीत असते. मुकुंद मला शिऱ्या म्हणतो, म्हणून तिला "शिऱ्याचं पुराण" म्हणायचा.

सिहोरा रोडवर दूध थंड करण्याचा एक खासगी प्लांट आहे. तिथे आम्ही इंडस्ट्रियल स्विच बसवला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — ही एक लोखंडी डबी असते, विटेपेक्षा लहान. कॉम्प्रेसर, टाकीचं थर्मामीटर, ऑपरेटरची स्क्रीन, ऑफिसचा कॉम्प्युटर, सगळ्यांच्या केबली तिच्यात येतात आणि तिच्यामार्फत ती यंत्रं एकमेकांशी बोलतात. केबल लावायच्या भोकाला पोर्ट म्हणतात. आमच्या स्विचला आठ पोर्ट होते, आणि प्रत्येकावर एक बारीक हिरवा दिवा.

बसवताना मी स्वतः गेलो होतो. कंपनीने दिलेला पासवर्ड बदलला. माझ्या आणि मुकुंदच्या नावाची वेगवेगळी लॉगिन केली, दोन्ही पासवर्ड फक्त आम्हा दोघांना माहीत. बाहेरून आत शिरायचे रस्ते बंद केले. पाच पोर्ट वापरात, सहा, सात आणि आठ सेटिंगमधूनच बंद. म्हणजे कोणी केबल खुपसली तरी तिथून काही जाणार नाही. हे सगळं वहीत लिहिलं, खाली दोघांच्या सह्या.

मग जूनपासून तीन महिन्यांत पाच वेळा तो स्विच बिघडला. दर वेळी तेच — सेटिंग बदललेली, कॉम्प्रेसरला थर्मामीटरचा आकडा मिळेना, आणि सुरक्षेसाठी तो आपोआप बंद. दर वेळी मुकुंद बाइकवर जायचा, अर्ध्या तासात ठीक करून यायचा आणि व्हिजिटचे साडेतीन हजार प्लांटकडून मिळायचे. एकदा उशीर झाला आणि अख्खी टाकी नासली.

तिवारी जींनी मला लेखी विचारलं — हे कोण करतंय?

मी मुकुंदला स्विचचा लॉग आणायला सांगितला. लॉग म्हणजे स्विच स्वतःच लिहितो ती रोजनिशी. कोणत्या पोर्टवर कधी काय झालं, कोणी लॉगिन केलं, सगळं. त्याने फाइल आणून दिली. मी ओळ न् ओळ वाचली. बाहेरून कोणी आल्याची खूण नव्हती. वही उघडली — सहा, सात, आठ बंद. म्हणजे पॅनलसमोर उभं राहूनच कोणी तरी केलं. मुकुंद पासवर्ड टाकताना मागून पाहून ठेवला असेल, असं मी धरलं. पॅनलची किल्ली शिफ्ट ऑपरेटरकडे असते. पाचपैकी चार वेळा शिफ्ट लखनची होती.

मी तसा रिपोर्ट लिहिला. सरळ नाव नाही घेतलं, पण आकडे असे मांडले की दुसरं नाव निघणारच नाही.

मुकुंदला वाचून दाखवला. म्हटलं, "बघ, चूक नको. माणसाची नोकरी जाईल."

तो म्हणाला, "तुझ्या वहीत चूक निघते काय कधी? लिहिलं ते बरोबर आहे. दे तू."

तिवारी जी म्हणाले, विश्वकर्मा पूजेला याच, रिपोर्ट तेव्हाच घेतो. पूजा झाली की लखनचा हिशेब करून टाकू.

जबलपूरच्या कारखान्यांत १७ सप्टेंबरला काय असतं, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. यंत्रं बंद, सगळं धुऊन पुसून, हत्यारं पाटावर मांडायची, हळद-कुंकू, झेंडू, नारळ. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. आमचीही एक पद्धत होती. तो पहिला लॅपटॉप सात वर्षांपूर्वी मेला. बॅटरी फुगली म्हणून काढून फेकली, हार्ड डिस्क काढली, स्क्रीनला तडा. पण दर विश्वकर्माला तो आम्ही सोबत नेतो आणि ज्या प्लांटमध्ये पूजा असेल तिथे पाटावर ठेवतो. कल्पना मुकुंदचीच होती. म्हणायचा, "हा आपला थोरला. याच्यावर घर चाललं."

त्या दिवशी दूध पहाटेच टँकरने गेलं होतं. दहा पन्नासला लखनने माझ्यासमोर मेन खाली पाडला. मी घड्याळ पाहिलं, ही सवय आहे. पॅनलचा यूपीएसही काढून, पुसून, कुंकू लावून पाटावर ठेवला होता, त्याची वायर गुंडाळलेली. म्हणजे स्विचला वीज कुठूनही नव्हती. पॅनलचं दार बंद, त्याला पुढून काच.

आरती झाली. तिवारी जी प्रसाद वाटायला लागले. मी बॅगेतून रिपोर्टचं पाकीट काढत होतो आणि सहज पॅनलकडे पाहिलं.

काचेमागे एक हिरवा दिवा लुकलुकत होता. खालच्या ओळीत, सातवा.

घड्याळात अकरा बेचाळीस.

"मुकुंद," मी म्हटलं, "तो दिवा पाहा."

"ऊन चमकून राहिलं काचेवर," तो म्हणाला. पाहण्याआधीच म्हणाला, हे मला नंतर आठवलं.

मी काचेवर रुमाल धरला. सावलीत दिवा आणखी स्पष्ट दिसला. लुकलुक, लुकलुक — डेटा जात असला की दिसतो तसा. तिवारी जी लाडवाचं ताट घेऊन आले आणि तसेच उभे राहिले.

"लखन, मेन गिराया था कि नहीं?"

"गिरा है साहब. देख लीजिए, पंखा भी बंद है."

मी म्हटलं, "दार उघडा."

तेव्हा मुकुंदने माझा दंड धरला. "शिऱ्या, आज विश्वकर्मा आहे बाप्पा. आज हात नाही लावत. उद्या मी येतो ना, पाहतो."

ज्या माणसाने तीन वर्षांपूर्वी याच दिवशी पूजा अर्धी सोडून दुसऱ्या साइटवर केबली जोडल्या होत्या, तो मला विश्वकर्मा सांगत होता. त्याचा हात ओला होता, आणि तिथे काही इतकं गरम नव्हतं.

"काहून?" मी विचारलं. "आजच काहून नको?"

तो वळून पाटावरची फुलं सरळ करायला लागला.

लखन पुढे आला. किल्ली त्याच्या पट्ट्याला होती. रिपोर्टचं त्याला सकाळीच कळलं असावं. म्हणाला, "चोर तो मैं ही हूँ न, बाबूजी? तो ताला भी मैं ही खोल देता हूँ." आणि त्याने दार उघडलं.

दार उघडताच दिवा विझला.

सातव्या पोर्टमध्ये एक करडी केबल होती. माझ्या वहीत नसलेली. ती वर जाऊन मागच्या पत्र्याआड गेली होती. पत्रा सरकवला तर एक छोटा मोडेम, आत सिमकार्ड — म्हणजे फोनच्या नेटवरून कुठूनही आत शिरायचा रस्ता. त्याची वीजही याच पॅनलमधून, म्हणजे तोही बंदच.

मी वही पाहिली होती. स्विच नव्हता पाहिला. तीन महिन्यांत एकदाही इथे येऊन आठ पोर्ट डोळ्यांनी मोजले नव्हते. लिहिलेलं आहे, म्हणजे आहे — याच हिशेबावर मी एका माणसाची रोटी काढायला निघालो होतो.

बारा वीसला मेन चढवला आणि माझा आत्ताचा लॅपटॉप लावून लॉग काढला. मुकुंदने आणलेल्या फाइलमध्ये नसलेल्या ओळी त्यात होत्या. सात नंबर जूनमध्ये उघडलेला. पाच वेळा मोडेममधून लॉगिन. पाचही वेळा माझ्या नावाने, माझ्या पासवर्डने.

"घरी बसून करायचास?" मी विचारलं.

मुकुंद लखनकडे पाहायचं टाळत होता. "मेंटेनन्सचा वार्षिक करार देत नव्हते हे लोक," तो म्हणाला. "दोन-चार वेळा बंद पडलं असतं तर दिला असता. टाकी नासवायची नव्हती मला, त्या दिवशी गाडी पंक्चर झाली."

"आणि लखन?"

"त्याला दुसरीकडे लागली असती नोकरी."

"माझ्या नावाने काहून केलं रे?"

यावर तो चिडला. "मग काय करू? तू पंख्याखाली वही भरून राहिला. धूळ खात काम मी आणून राहिलो चौदा वर्षं. कधी विचारलं, मुकुंदा, पुरते काय तुला?"

खरं आहे, नव्हतं विचारलं. पण त्यानेही सांगितलं नव्हतं. दर दिवाळीला आमच्या घरी जेवून जाणारा माणूस.

तिवारी जी म्हणाले, "मराठी में मत लड़िए, मुझे भी बताइए." मी हिंदीत सगळं सांगितलं.

मग पाकीट काढून रिपोर्ट फाडायला लागलो, तर लखनने हात पुढे केला. "फाड़िए मत बाबूजी. मुझे दे दीजिए. आपकी लिखावट अच्छी है, रख लूँगा."

मी दिला. दुसरं काय करणार?

आता अनुभव म्हणतात तो. लॉगच्या शेवटी तीन ओळी होत्या. दहा पन्नास, वीज गेली. बारा वीस, वीज आली. आणि मध्ये एक — अकरा बेचाळीस, सात नंबर पोर्टवर यंत्र जोडलं गेलं, त्याचा पत्ता अमुक. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच बारा अक्षरांचा एक पत्ता मिळतो, दोन यंत्रांचा सारखा नसतो. हा त्या मोडेमचा नव्हता. मोडेमचा वेगळा, त्याच्या पोटावर छापलेला, आणि आधीच्या पाचही ओळींत तोच होता.

हा पत्ता मला पाठ होता. माझ्या वहीच्या पहिल्या पानावरची पहिली ओळ.

आमचा थोरला, तो पहिला लॅपटॉप. तो पाटावर होता. बॅटरी नाही, डिस्क नाही, वायर नाही. झाकणावर झेंडूचं फूल, तडकलेल्या स्क्रीनवरून कुंकू ओघळलेलं. पॅनलपासून अकरा फूट. मी टेपने मोजलं.

जे जे मनात आलं ते तपासलं. खोटा पत्ता लावता येतो, मला माहीत आहे. मुकुंदला विचारलं, त्याने आईची शपथ घेतली, वर म्हणाला, "मी काहून लावीन? स्वतःला पकडून द्यायला?" हे पटलं. शिवाय आता तो म्हणतो की त्याने दिवाच पाहिला नाही. स्विचचं घड्याळ तपासलं, चार सेकंद पुढे. स्विच कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला लॉग पाठवला. तो म्हणाला, वीज नसताना स्विच लिहूच शकत नाही. मी म्हटलं, मलाही तेच म्हणायचं आहे. त्याने फोन ठेवला. लॉगच्या दोन प्रती घरी आहेत, कोणाला उत्तर सुचलं तर मला हवं आहे.

लखन नोकरीवर आहे. मी आता दर महिन्याला स्वतः जाऊन आठही पोर्ट मोजतो. तो दार उघडून देतो, चहाला थांबत नाही.

साडेसतरा हजार मी प्लांटला चेकने परत केले. टाकीचा दावा तिवारी जींनी केला नाही, मोठेपणा त्यांचा. भागीदारी मोडली, सामान वाटून झालं, राहिला तो लॅपटॉप. भंगारवाला त्याचे दीडशे देत होता. मुकुंद म्हणाला, "निम्मा माझा आहे. घेतला त्या भावाने दे." चेष्टेत म्हणाला असेल, की मी सोडून देईन म्हणून, माहीत नाही.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी गेलो. वहीच्या पहिल्या पानावर, त्या ओळीसमोर त्याची सही घेतली आणि अकरा हजार दोनशे पन्नास रुपये मुकुंदला रोख मोजून दिले.