ताईला आणायच्या गाडीचे टायर

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्या आधी ज्यांनी पेन हातात धरला, त्यांनी पीककर्जाच्या सोसायटीच्या कागदावर सही केली आणि पेन ज्याचा त्याला परत दिला. मी अमरावतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तेवढ्यावर लोकांनी वाचावं असं काही लिहायचा अधिकार मिळतो का, मला ठाऊक नाही. त्यातून विषय टायरचा. ज्यांना टायर कळतात ते हसतील आणि ज्यांना साहित्य कळतं ते पहिल्या ओळीलाच उठून जातील. मधे कोणी उरत असेल तर त्यांच्यासाठी लिहितो.

शेंदूरजनाघाटला आमचा संत्र्याचा बगीचा आहे आणि दारात एक लांबलचक जुनी गाडी आहे. ती मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावांनी, एका ठेकेदाराकडून घेतली. सीट सात असल्या तरी सात माणसं बसलेली मी कधी पाहिली नाहीत. लग्नाला निघाली की अर्धी वरात तिच्यात मावते, आणि हंगामात मागची सीट काढून संत्र्याचे क्रेट भरतात. अशी ओझी वाहून वाहून तिचे चारही टायर नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत झाले होते. तरी कोणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते ताईला आणायची वेळ आली तेव्हा.

ताई अकोल्याला जठारपेठेत दिलेली. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्याकडे ठरलेलंच. पण न्यायचं ते सातव्यात. आठवा लागला की बाईला हलवत नाहीत, मग नवव्याची वाट पाहायची. आईने पलीकडच्या खोलीतली खताची पोती बाहेर काढून भिंतींना चुना दिला होता, डिंक आणि खारका आणून ठेवल्या होत्या. ताईलाही यायचंच होतं. सासूचा काही जाच नव्हता. पण फोनवर ती आईला म्हणाली होती, "माय, मले कण्हायचं असन तं मोठ्यानं कण्हता आलं पाह्यजे. इथं तोंडावर पदर घ्या लागते."

बाबा म्हणाले, असल्या टायरवर दोन जिवांची पोर आणायची नाही. हे अगदी बरोबर होतं. पैशाचीही अडचण नव्हती, त्या साली संत्र्याला भाव होता. अडचण अशी झाली की टायर कोणते घ्यायचे हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. पोरगं कॉलेजात आहे, अमरावतीतच आहे, ते पाहील, असं मोठेबाबांनी सांगून टाकलं. माझे विषय मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र. पण आमच्या घरात कॉलेजात जाणाऱ्याला काय येतं याची यादी नाही, सगळंच येतं.

मीही ते मनावर घेतलं. बाबांनी टायरचे फोटो पाठवले. प्रत्येक फोटोत अर्धा टायर आणि अर्धा बाबांचा अंगठा. त्यातून मी कडेवरचे आकडे वाचले. हा रुंदीचा, हा उंचीचा, आणि त्याच्या पुढचा लहानसा आकडा टायर किती वजन पेलेल त्याचा. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी गावी जाऊन सगळ्यांना ओसरीवर बसवून समजावून सांगितलं. आपली गाडी मुळात जड, वरून आपण भरतो ते वेगळं, म्हणून नुसतं माप जुळून भागत नाही, वजनाचा आकडाही कमी असून चालत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांच्या डोळ्यांत तर पाणी आलं. मग मोठेबाबा म्हणाले, "वा. पोरानं चांगलं सांगतलं. आता चार लोकाईले इचारून पाहू."

आमच्याकडे चार लोकांना विचारल्याशिवाय विहिरीवरची मोटरसुद्धा बदलत नाहीत. तिवशाहून बाबांचे मावसभाऊ आले. त्यांची एकेकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली होती, म्हणून चाकांच्या बाबतीत त्यांचा शब्द मोठा. ते म्हणाले, दोनच नवे घ्या, पुढं लावा, ओढणारं चाक मजबूत पाहिजे. मी हळूच म्हणालो की आपली गाडी मागची चाकं ओढतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना विचारलं, "याची परीक्षा कधी हाय?" मग दोन घ्यायचे की चार, पुढं की मागं, यावर घरात दोन पक्ष पडले. जेवताना पंगतीसुद्धा तशाच बसू लागल्या.

शेवटी मोठेबाबा स्वतः अमरावतीला दुकान पाहायला आले. ते टायर पाहतात तो प्रकार बैलबाजारातला. दुरून एक चक्कर, जवळून एक चक्कर, पाठीवर थाप. अंगठ्याने दाबून पाहिलं, वास घेतला. बैलाचे दात पाहावेत तसं वय पाहायचं राहिलं होतं, ते मी दाखवलं. टायर कोणत्या आठवड्यात बनला ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. हे मी सांगायला नको होतं. मग त्यांनी ढिगातला एकेक टायर काढायला लावला आणि प्रत्येकाचं वय मला मोठ्याने वाचायला लावलं. चार टायर एकाच आठवड्याचे निघेनात. दुकानदाराने शांतपणे विचारलं, गाडीत भरता काय, माणसं का संत्रा?

"माणसंच," मोठेबाबा म्हणाले.

"किती?"

"घरचेच."

दुकानदाराने वर पाहिलं आणि सगळ्यात मजबूत टायर पुढे केला. ती कंपनी मोठेबाबांनी कधी ऐकली नव्हती. आम्ही तसेच परत आलो.

मग पितृपंधरवडा लागला. त्या पंधरा दिवसांत आमच्याकडे नवी वस्तू घेत नाहीत. टायर ही वस्तू धरायची की गाडीचा अवयव, हा प्रश्न मी मांडून पाहिला. गावच्या महाराजांनी सांगितलं की अवयव असला तरी दुकानातूनच येणार ना. झालं. आई मधेच म्हणाली की भाड्याची गाडी करा नाहीतर मी एस.टी.ने जाते आणि तिला बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने आणते. मोठेबाबांना ते फार लागलं. दारात एवढी गाडी उभी असताना लेकीला भाड्याच्या गाडीत आणायचं? व्याही काय म्हणतील? इज्जतीचा प्रश्न निघाल्यावर आई गप्प झाली. आमच्या घरी तो निघाला की बाया गप्पच होतात.

त्याच आठवड्यात ताईचा मला फोन आला. मी तिला आकड्यांचं समजावू लागलो तर तिने मधेच तोडलं.

"एक सांग भाऊ. माह्या लगनाच्या वेळी पोराले किती खेप पाह्यलं होतं?"

मी म्हणालो, एकदा.

"चहा पेऊन होकार देला होता बाबानं. बशी बी खाली ठेवली नव्हती. अन् टायर पाहून राहिले महिन्यापासून. नवऱ्याच्या कडेवर बी काही लिहेल असतं तं बरं होतं, वजन किती पेलन म्हणून."

मी हसलो. ती हसली नाही. मग म्हणाली की सासूबाईंनी आज सांगितलंय, आठवा लागला, आता हलायचं नाही.

घरी मी हे सांगितलं. पण मोठेबाबांनी यातून चांगली बाजू काढली. आता नववा लागेपर्यंत टायरचा निवांत विचार करता येईल. आणि तो खरंच झाला. नवरात्र त्यात गेलं. दसऱ्याला घेऊ म्हटलं तर दुकान बंद. इंदूरचे टायर चांगले, असं कोणीतरी सांगितल्यावर इंदूरला कोण जाईल यावर दोन बैठका झाल्या. आई आता बैठकीला येत नव्हती. ती लाडू वळत होती. ते कधी वळून झाले, डबा कधी भरला, हे आम्ही कोणी पाहिलं नाही.

नववा लागला. बाबा आणि मोठेबाबा आदल्या दिवशीच अमरावतीला आले आणि माझ्या खोलीवर मुक्कामाला राहिले. सकाळी दुकान उघडताच चारही टायर घालायचे आणि तिथूनच थेट अकोल्याला निघायचं. सकाळी आम्ही दुकानात पोचलो. टायर तोच घेतला, दुकानदाराने पहिल्या दिवशी पुढे केलेला. आम्ही त्याच्यापर्यंत विचारपूर्वक आलो, असं मोठेबाबा म्हणाले. गाडी यंत्रावर चढली, बाबांनी चारही चाकांना हळद-कुंकू लावलं, आणि मागच्या चाकात हवा किती भरायची यावरून दोघा भावांचं लागलं. बाबा म्हणत होते, येताना ताई मागे बसेल, हवा जरा कमी ठेवा, धक्के बसणार नाहीत. मोठेबाबा म्हणत होते, लेकीसोबत तिचं सामान येईल, जास्तच भरा. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. आईचा होता.

"कुठं हाव गा?"

मी म्हणालो, दुकानात, टायर लावून राहिले, आता निघतोच. घरी सगळी तयारी आहे ना?

"मी अकोल्याले हाओ. काल दुपारी ताईचा फोन आला, कळा चालू झाल्या म्हणून. तशीच एस.टी.त बसली. अमरावतीच्या स्टँडवर गाडी बदलली, तवा तुमी गावातच होते, खोलीवर जेवत. पण सांगतलं नाई. सांगतलं असतं तं कोणत्या गाडीनं जायचं याचाच इचार सुरू झाला असता."

मागे हवेच्या यंत्राचा आवाज येत होता.

"पोरगी झाली पहाटं. दोघी चांगल्या हायेत. लय मोठ्यानं कण्हली तुही बहीण, मी होती ना जवळ, कोणाची हिंमत नाई झाली चूप म्हणाची. बाबाले सांग."