डाव्या मडगार्डावरचे काळे कण

२०१५ साल होतं आणि मी छप्पन्न वर्षांचा होतो. नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरलो, पण ती घटना अजून माझ्या उजव्या तळहाताला लागते.

मी सातवी पास. त्या काळी तेवढ्यावर पोलिसात घेत. शिपाई म्हणून लागलो आणि छत्तीस वर्षांनी सहायक फौजदार, लोकांच्या तोंडी जमादार, झालो, तेही कोणाच्या ओळखीनं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात, कोळसा खाणींच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यावर तेव्हा नेमणूक होती. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. त्यातली बरीचशी अजून हयात आहेत आणि एकमेकांच्या समोरच राहतात.

आमचे ठाणेदार चौतीस वर्षांचे होते. हा माणूस शिपाई म्हणून खात्यात आला तेव्हा माझ्या हाताखाली होता. पंचनामा कसा लिहायचा, पंच कोणाला घ्यायचं, साक्षीदार खोटं बोलताना आधी कुठं बघतो, हे सगळं मी शिकवलं. मग त्यानं खात्याची परीक्षा दिली, फौजदार झाला आणि फिरत फिरत माझ्याच ठाण्यावर साहेब होऊन आला. मला काका म्हणायचा. ते तर जास्तच बोचायचं.

खात्याचा नियम असा की डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट करायचा नसतो, नुसतं सावधान उभं राहायचं. साहेबांची जीप फाटकात वळली की मी टोपी काढून टेबलावर ठेवत असे. सकाळच्या हजेरीच्या वेळी काहीतरी काम काढून बाहेर पडत असे. आठ महिने झाले होते, मी त्यांना एकही सॅल्यूट ठोकला नव्हता. ठाण्यात सगळ्यांना ते माहीत होतं, त्यांनाही होतं. ते एका शब्दानं बोलले नाहीत, याचाही मला राग होता.

थंडी पडायला लागली होती. खाणीच्या कॉलनीत भाजी विकायला निघालेल्या एका बाईला सकाळी सहाच्या सुमारास गाडीनं उडवलं. चालक थांबला नाही. बाईची मांडी मोडली, तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात हलवलं. शुद्धीवर आल्यावर तिनं जबाब दिला तो एवढाच, की गाडी पांढरी होती. जागेवर चिरडलेल्या वांग्या-टमाट्यांत मला हेडलाइटचा एक तुकडा सापडला. बोटाएवढा, एका बाजूनं वळलेला. पंचांसमक्ष जप्त केला, लाखेचं सील लावलं, मुद्देमालात जमा केला. पण त्या पट्ट्यात पांढऱ्या गाड्या ढिगानं. आठ-दहा दिवस गेले, काही हाती लागेना.

कोळसा भरायच्या रेल्वे सायडिंगजवळ एका मोठ्या कडुलिंबाखाली एक म्हातारा मुसलमान मिस्त्री गाड्यांचे पोचे काढायचा आणि रंग मारायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. मडगार्डाच्या आतून लोखंडी ठोकळा धरायचा आणि बाहेरून हातोडी अशी हलकी मारायचा की पत्रा आपणहून जागेवर आल्यासारखा वाटे. मग पुट्टी भरायची, तिला ते लोक लांबी म्हणतात. मग पाणी लावून पॉलिश पेपरनं घासायचं, मग रंग. पोचा कुठं होता हे नंतर मालकालाही दाखवता येत नसे.

रस्त्याच्या पलीकडे त्याच्याच चेल्यानं तीन वर्षांपूर्वी दुकान टाकलं होतं. रंग मारायला काचेची बंद खोली, हवा गाळून आत सोडणारा पंखा, रंग वाळवायला दिवे. लोक त्याला काचघर म्हणत. गाड्या आता उस्तादाच्या झाडासमोरून वळून काचघरात जायच्या. चेला रोज सकाळी दुकान उघडण्याआधी रस्ता ओलांडून उस्तादाला सलाम करायचा. उस्ताद मान वर करत नसे.

हा उस्ताद एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर माझ्या शेजारी येऊन बसला. अर्धा कप बशीत ओतून प्यायला. मग म्हणाला, "जमादार, त्या भाजीवाल्या बाईची गाडी शोधून राह्यले ना? ठेकेदाराची पांढरी गाडी पाहा. डावं मडगार्ड. समोरच्या काचघरात झालं काम."

ठेकेदार म्हणजे खाणीवर ट्रक लावणारा गावातला मोठा माणूस. मी विचारलं, तुमाले कसं माहीत.

"चाळीस वर्ष पत्रा ठोकला मी. समोर काय चालते ते दिसत नाई का मले?" मग बशीकडे पाहत म्हणाला, "ज्याले हातोडी धरा शिकवलं, त्याच्या दारात आता लाइन लागते. तुमाले काय सांगाचं जमादार. तुमच्या ठाण्यात बी तेच आहे."

त्या शेवटच्या वाक्यानं मी फसलो. खबर आणणाऱ्याला पहिला प्रश्न मी नेहमी हाच विचारत आलो, की हे सांगून तुझा काय फायदा. त्या संध्याकाळी विचारला नाही. उत्तर मला माहीत होतं, आणि ते मला आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ठाण्यात आणली. डावा हेडलाइट कोरा होता, उजवा पिवळट. ठेकेदार म्हणाला, गाडीला काही झालंच नाही, दिवा खराब झाला म्हणून बदलला. तासभर तेच ते. माझा धीर सुटला. मी म्हणालो, "काचघरात काम केलं तुमी. मले सगळं माहीत आहे." त्याच्या तोंडावर एकदम सुटका दिसली. ती मी पाहिली, पण अर्थ चुकीचा लावला. मला वाटलं, माणूस फुटला. तो म्हणाला, हो, काचघरातच केलं, घरच्या फाटकाला घासली होती, बाईचं मला काही माहीत नाही. मी तसा जबाब लिहून घेतला.

मग चेल्याला बोलावलं. पस्तिशीचा, धिप्पाड, हाताला पांढरी पुट्टी तशीच. त्याला गाडीजवळ नेलं. त्यानं डाव्या मडगार्डावरून हात फिरवला. एका जागी हात थांबला, आणि तो बराच वेळ तिथंच होता.

"हे माह्यं काम नाई, साहेब."

मी म्हणालो, मग कोणाचं? दरडावून विचारलं, शांतपणे विचारलं, पुरावा नष्ट केल्याचं कलम वाचून दाखवलं. तोंड उघडेना. गप्प बसणारा माणूस दोषी असतो असं मी धरून चाललो. तोवर गावात बोभाटा झाला होता. काचघरासमोर लोक उभे राहून बोलत होते की अपघाताच्या गाड्या इथं लपवून रंगवतात. दोघा गिऱ्हाइकांनी अर्धवट झालेल्या गाड्या उचलून नेल्या. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती, मी आतबाहेर करताना माझ्याकडे बघायची.

मी चेल्याच्या अटकेचे कागद तयार केले. साहेबांनी ठेकेदाराचा जबाब वाचला आणि म्हणाले, "काका, संध्याकाळपर्यंत थांबा." कारण सांगितलं नाही. मी टोपी काखेत धरून बाहेर आलो. मला वाटलं, केस मी फोडली आणि नाव यांना पाहिजे.

चेल्याला खोटं पाडायचंच म्हणून मी दुपारी गाडीपाशी गेलो. चेल्याचा हात जिथं थांबला होता तिथं मी माझा हात ठेवला. तळहाताला बारीक कच लागली, खसखस पसरावी तशी. वाकून तिरप्या उन्हात पाहिलं. पांढऱ्या रंगात बारीक काळे कण बसले होते. नखानं खरवडले तरी निघेनात, रंगाच्या आत होते.

तो कोळसा होता. आमच्या पट्ट्यात वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, सगळीकडे तो बसतो. पण हवा गाळून घेणाऱ्या बंद खोलीत ओल्या रंगावर तो येणार कुठून? उघड्यावर रंग मारण्याआधी मिस्त्री जमिनीवर पाणी मारतात, धूळ बसावी म्हणून. खालची धूळ बसते. सायडिंगवर वॅगन भरताना वरून येते ती थोडीच बसते. हा रंग काचघरातला नव्हता, उस्तादाच्या झाडाखालचा होता; म्हणून तर मी काचघराचं नाव घेतल्यावर ठेकेदाराला सुटल्यासारखं झालं होतं.

मी गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिलो. ते कण माझ्याशिवाय कोणी पाहिले नव्हते. ठेकेदाराचा जबाब कागदावर होता. कोणी मला विचारणार नव्हतं. आणि सांगायचं म्हटलं तर त्याच साहेबांपुढे उभं राहून सांगायचं, मी चुकलो. पण चुकीच्या माणसाला आत टाकून मी आजवर एकही केस उभी केली नव्हती. सातवी पास माणसाची एवढीच मिळकत असते.

आत जाऊन चेल्याला म्हणालो, "उस्तादाचा हात आहे तो. तुले हात लावल्याबरोबर समजलं. सांगितलं काऊन नाही?"

तो खाली बघत म्हणाला, "बारा वर्ष त्याईच्या हाताखाली लांबी घासली मी. कोपरा कसा उतरवते ते डोळे मिटून ओळखतो. माह्या तोंडून त्याईचं नाव निघणार नाई, साहेब. तुमाले घ्याचं तं तुमी घ्या."

दुकान बुडत होतं तरी तो माणूस असं बोलला. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. तसाच सायडिंगवर गेलो.

उस्ताद झाडाखाली बादलीतून पाणी मारत होता. मला पाहून थांबला नाही. मी म्हणालो, "उस्ताद, ठेकेदाराचा जुना हेडलाइट काढा." ही माणसं गाडीचा काढलेला पार्ट कधी फेकत नाहीत, कशाला ना कशाला लागेल म्हणून ठेवतात. त्यानं बादली खाली ठेवली. मग टिनाच्या पेटीतून फुटका हेडलाइट काढून त्यानं माझ्यापुढे ठेवला.

"गाडी आली तवा मले मालूम नव्हतं, जमादार. फाटकाले लागली म्हणे. दिव्यात लुगड्याचा हिरवा धागा अडकून होता. मी म्हटलं असन कशाचा. मंग पेपरात वाचलं."

"अन् त्याच्यावर ढकललं."

"तो रोज येते सलाम कराले." उस्ताद खाली बसला. "रोज. एखाद्या दिवशी नाई आला असता तं मले बरं वाटलं असतं."

मी पंचांना बोलवायला माणूस पाठवला.

पंचांसमक्ष मुद्देमालातला तुकडा त्या हेडलाइटला लावून पाहिला. बरोबर बसला. दोन्ही वस्तू टेबलावर पाहिल्यावर ठेकेदारानं पाणी मागितलं आणि सगळं कबूल केलं. उस्तादाचा साक्षीदार म्हणून जबाब झाला. चेल्याला मी स्वतः सोडायला गेलो. काचघरासमोर जमलेल्या लोकांना मोठ्यानं सांगितलं की याचा काही संबंध नाही, चूक माझी. तो दुकानात गेला नाही. रस्ता ओलांडून झाडाखाली गेला आणि उस्तादाच्या हातातली बादली घेतली.

परत येऊन साहेबांसमोर उभा राहिलो. म्हणालो, उत्तर मीच ठेकेदाराच्या तोंडात घातलं होतं.

ते म्हणाले, "जबाब वाचला तवाच समजलं, काका. ते बोलणं त्याचं नव्हतं, तुमचं होतं. असा जबाब कामाचा नाई, हे तुमीच शिकवलं मले. म्हणून थांबाले सांगितलं." आणि स्टेशन डायरीत त्यांनी लिहिलं की सदर बाब सहायक फौजदार यांच्या निरीक्षणातून उघड झाली.

मी माफी मागितली नाही. माझ्या स्वभावात ते नाही. पण या केसनं एक शिकवलं. जळणाऱ्या माणसाला दिसत सगळं असतं. ठेकेदाराची सुटका मला दिसली होती, चेल्याचा थांबलेला हात दिसला होता. मी फक्त मला हवं ते कागदावर उतरवत गेलो. उस्तादानं तेच केलं. फरक एवढाच की त्याच्याकडे कागद नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजेरी होती. मी सव्वासातलाच ठाण्यात पोचलो. साहेबांची जीप फाटकात वळली, बाजूला उभा शिपाई सवयीनं माझ्या टेबलाकडे पाहू लागला. टेबल रिकामं होतं. टोपी माझ्या डोक्यावर होती, आणि मी ती काढली नाही.